१५ रुपयांचा सातबारा आणि माझे १५,८६,५००

डोंगरातला प्लॉट विकणाऱ्या एका कंपनीने मला फसवलं, त्याचा आकडा आधीच लिहून टाकतो. नातेवाइकांत कुणी म्हणतं चाळीस लाखांना बुडाला, कुणी म्हणतं दोन-तीन लाखच असतील, उगाच बोंब मारतोय. गेले ते १५,८६,५००. बुकिंगचा चेक ५१,०००. पहिलं आरटीजीएस ४,५०,०००, दुसरं ६,००,०००. रोख ३,५०,०००. क्लब मेंबरशिप ७५,०००. मोजणी आणि डेव्हलपमेंट चार्जेस ४८,५००. साठेखत (म्हणजे पुढे खरेदीखत करू असा करार), नोटरी, त्यांचाच वकील मिळून १२,०००. क्लब कुठे आहे म्हणाल तर चुन्याने आखलेला एक चौकोन होता, त्यावर आता घाणेरी माजली आहे.

मी चौतीस वर्षं वीज मंडळात काढली. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागणार आहे.

डोंगरात जाऊन राहायचं हे आमचं जुनं वेड. हिला दमा आहे आणि पुण्यातला आमचा फ्लॅट हमरस्त्याला लागून. निवृत्तीनंतर दोन वर्षं आम्ही जागा बघत हिंडलो, त्यामुळे 'बघितलं नाही, भुललात' असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. लोणावळा-खंडाळा परवडणारं नव्हतं. माथेरानला गाडी जात नाही. रात्री छातीत कळ आली तर घोड्यावरून उतरायचं का? आंबोली सुंदर, पण ती ओल हिला मानवली नसती. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तिथून जवळच पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि पसरणी घाट उतरून वाईत आलात की आणखी कमी. पाचगणीच्या या हवेसाठीच १९१२ साली तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं. म्हणजे आपल्याला डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावरची पट्टी हवी, हे मी नकाशा पसरून ठरवलं होतं. पावसाच्या बाबतीत एवढी अक्कल चालवली. कागदाच्या बाबतीत तिला सुट्टी दिली.

महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे. बांधकामाला जाचक अटी, मोकळी जागा थोडी, भाव आभाळाला. म्हणून हद्दीच्या 'जरा बाहेर' प्लॉट विकणाऱ्यांचं फावतं. 'महाबळेश्वरपासून फक्त चाळीस मिनिटं.' कुणाच्या गाडीने चाळीस मिनिटं, हे विचारायचं असतं. पावसाळ्यात दरड आली तर चाळीस मिनिटांचे चार तास होतात.

त्या कंपनीकडे आम्ही १४ नोव्हेंबर २०२१ ला गेलो. दिवाळी नुकतीच झालेली, रविवार. त्यांचीच गाडी, त्यांचाच वडापाव. सेल्सचा पोरगा गोड बोलणारा; हिला 'काकू, खिडकीकडे बसा, घाट लागेल' म्हणाला. आणखी तीन कुटुंबं होती, तीही आमच्याच वयाची. संध्याकाळी साइटवर पोहोचलो. समोर दरी, पलीकडे डोंगराची निळी रांग, मुरूम टाकलेला रस्ता आणि रस्त्याच्या कडेने चौदा खांब, प्रत्येकावर दिवा पेटलेला. अंधारात ती दिव्यांची ओळ बघून ही म्हणाली, "अहो, इथेच घेऊया."

ऑफिसच्या पत्र्याच्या शेडमागे जनरेटर धडधडत होता. तो मी ऐकला. ऐकून हिला वर सांगितलं, "बॅकअपही ठेवलाय बघ यांनी."

चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला चौदा खांब दिसले आणि डीपी, म्हणजे त्या खांबांना वीज वाटणारी पेटी, दिसली नाही! वर येणारी लाइन नव्हती. कुठून येते हे मी विचारलं नाही. कुणाच्या घरात मीटरमागून आकडा टाकलेला असेल तर मी दारातून ओळखायचो. इथे चौदा दिवे एका जनरेटरवर, तेही फक्त रविवारी संध्याकाळी, गिऱ्हाईक येईल तेव्हा लागायचे. नंतर एकदा बुधवारी गेलो तर खांबही नुसते माती लोटून उभे केलेले, काँक्रीट नाही, काही नाही. हात लावला की हलत होते. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

ही पहिली चूक म्हणू. दुसरी त्याहून वाईट, कारण ती टेबलावर बसून, चष्मा लावून केली.

पाच गुंठ्यांचा प्लॉट, गुंठ्याला ३,३०,०००, म्हणजे १६,५०,०००. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात 'एनए बंगलो प्लॉट'. एनए म्हणजे बिगरशेती. मी म्हटलं, खरेदीखत कधी? त्यांचे साहेब म्हणाले, "सर, जुलैचं परिपत्रक वाचलंच असेल तुम्ही. तुकडेबंदीमुळे गुंठ्यांच्या रजिस्ट्र्या सध्या बंद आहेत. सुरू झाल्या की पहिली तुमची. तोवर साठेखत करू." आणि मी वाचलं होतं हो! १२ जुलै २०२१ चं ते परिपत्रक पेपरात आलं होतं, मी कात्रणही काढून ठेवलं होतं. आपण वाचलेली गोष्ट समोरच्याच्या तोंडून आली की माणूस खूश होतो. मी मान डोलावली. शेतजमीन तुकडे पाडून विकता येत नाही म्हणून तुकडेबंदी. जमीन खरंच एनए आणि लेआउट मंजूर असेल, तर तिला ही आडकाठी येतच नाही. एकाच चहाच्या कपात त्या माणसाने मला दोन्ही सांगितलं: जमीन एनए आहे, आणि तुकडेबंदीमुळे नोंदणी होत नाही. त्यातलं एकच खरं असू शकतं. हे मला दीड वर्षाने, रात्री अडीच वाजता, पंख्याकडे बघताना कळलं.

सातबारा दाखवला नाही असंही नाही. झेरॉक्स दाखवली. वरची दोन बोटं कापली गेलेली, इतर हक्कांचा रकाना इतका पुसट की काजळी वाटावी. खाली पिकांच्या नोंदी मात्र स्वच्छ होत्या: नाचणी, वरी, गवतपड. मी कौतुकाने हिला वाचून दाखवलं, आपल्या जागेत पूर्वी नाचणी व्हायची म्हणून. एनए झालेल्या जमिनीला पीकपाण्याचा नमुना बारा लागत नाही, तसं सातबाऱ्यावर छापूनच येतं. नाचणी दिसली म्हणजे ते शेत आहे. एवढंच कळायला हवं होतं.

डिजिटल सहीचा सातबारा सरकारच्या महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो. मी तो काढला मे २०२३ मध्ये, शेजारच्या मुलाच्या मोबाइलवरून. गुढीपाडव्याला ताबा देणार होते, पाडवा होऊन गेला, ऑफिसला कुलूप, फोन बंद, त्यानंतर. वर स्पष्ट लिहिलं होतं: भोगवटादार वर्ग २. इतर हक्कांत कुळकायदा कलम ४३. कुळाला मिळालेली जमीन, अटी पुऱ्या केल्याशिवाय विकता न येणारी. मालक सात जण, सगळे एकाच आडनावाचे. कंपनीचं नाव कुठेही नाही.

त्या सात जणांतल्या एक आजी खालच्या वाडीत राहतात. त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी रागात होतो, त्यांनाही यात सामील समजत होतो. आजींनी आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या, "आमास्नी म्हनला आंबं लावायचं हायती. धाकल्या दोघांनी अंगठं दिलं. बाकीच्यांला कुनी इचारलंच न्हाई." दोघा भावांच्या कुलमुखत्यारपत्रावर जमिनीचा सगळा गट विकायला काढला होता. त्यांना मिळाले एक लाख. पाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, मार्चात झरा आटतो, मग टँकरची वाट बघायची. ब्रोशरमध्ये चोवीस तास पाणी होतं. जागा बघायला एप्रिल-मेमध्ये जा, नोव्हेंबरात सगळेच डोंगर गोड दिसतात. आणि त्यांच्या गाडीतून जाऊ नका. एसटीने जा, वाडीतल्या शेवटच्या घरी जाऊन बसा.

आता सरकारी दारांचं ऐका.

पुण्यात चौकीवर गेलो. "काका, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, अहो, चारशेवीस आहे सरळ. "जमीन कुठाय? तिकडे जा." तिकडे गेलो, जाऊन-येऊन २४० किलोमीटर. "पैसे कुठे दिले? पुण्यात? मग पुण्यात द्या तक्रार." असं चार वेळा. चौथ्या खेपेला एका हवालदाराने विचारलं, या वयात डोंगरात कशाला जायचं होतं तुम्हाला? तिथे उठून काहीतरी बोलणार होतो, हिने शर्ट ओढला. आर्थिक गुन्ह्यांच्या शाखेत म्हणाले, एकट्याचं प्रकरण लहान आहे, आणखी लोक गोळा करून आणा. म्हणजे तपास मी करायचा! तहसीलमध्ये अर्ज दिला की एकाच गटाचे असे बेकायदा तुकडे विकले जातायत, पंचनामा करा. बाईंनी अर्ज वाचला, परत दिला. "सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? मग तुमचा संबंध काय?" नाव लागलं नाही हीच तर माझी तक्रार आहे! नोंदणी कार्यालयात सांगितलं, तुमचा दस्त नोंदलेलाच नाही. आणि पुढे तेच म्हणाले, नोंदला असता तरी मालकी कुणाची हे आम्ही तपासत नाही, आम्ही दस्त नोंदतो. मग शिक्का कशाचा मारता? भूमी अभिलेखवाल्यांनी मोजणीच्या नकाशावर नजर टाकली आणि ही आमची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, नाही म्हणाले. ४८,५०० दिले होते मी त्या कागदासाठी. कुणाच्यातरी संगणकावर काढलेलं रंगीत चित्र होतं ते. सात कार्यालयं झाली, प्रत्येकाने पुढच्याचा पत्ता दिला. त्यांच्यात पत्त्यांची टंचाई नाही.

माझी चूक मी लपवत नाही. रोख दिले तेव्हाच मी कायद्याच्या चुकीच्या बाजूला गेलो. 'सर, व्हॅल्युएशन कमी दाखवू, तुमचीच स्टॅम्प ड्युटी वाचेल.' साडेतीन लाख मी स्वतः बँकेतून काढून, पिशवीत घालून नेऊन दिले, आणि पावती म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली: '३५० वह्या मिळाल्या.' खाली सही नाही, नुसती रेघ. हे मी तक्रारीत लिहिलं तेव्हा अधिकारी हसले. म्हणाले, हे लिहाल तर आधी इन्कम टॅक्सला उत्तर द्या. मी तरी लिहिलं.

रेरा, म्हणजे बांधकाम-प्लॉटिंगच्या प्रकल्पांवरचा कायदा, त्याचंही तेच. ५०० चौरस मीटरच्या वरचा प्लॉटिंगचा प्रकल्प महारेरात नोंदवावा लागतो, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. ब्रोशरवर 'महारेरा अप्लाइड' होतं. अप्लाइड म्हणजे नाही. नंबर 'पी'ने सुरू होतो, तो साइटवर टाकून बघायचा, दोन मिनिटांचं काम आहे. एनएचा आदेश दाखवला तर त्याचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि कचेरीत जाऊन पडताळा. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, मागा. 'शेतकरी दाखला आम्ही करून देऊ' असं कुणी म्हणालं तर चप्पल घालून उठा; आमच्याबरोबरच्या एका काकांनी त्यासाठी वेगळे ६०,००० दिले. शेतजमीन घ्यायला लागणारा शेतकरी दाखला एनए प्लॉटला कशाला लागतो, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. सगळे शिकलेले.

आतापर्यंत शोधून शोधून आम्ही अकरा जण एकत्र आलोय. ग्राहक आयोगात तक्रार घातली आहे, पोलिसांत गुन्हा नोंदवावा म्हणून कोर्टात वेगळा अर्ज आहे. वकिलांनी कंपनीचं आणि तालुक्याचं नाव इथे लिहू नका सांगितलंय म्हणून लिहीत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या आसपास चौदा खांबांच्या रस्त्यावर, जनरेटरच्या आवाजात तुम्हीही वडापाव खाल्ला असेल, तर आम्हाला ओळखाल. साठेखत, बँकेचं स्टेटमेंट, ब्रोशर, असेल तर ती वह्यांची चिठ्ठीसुद्धा, सगळं घेऊन या. बॉलपेनने लिहिलेल्या त्या चिठ्ठीची शाई फिकी पडते. माझ्या चिठ्ठीतला पाचाचा आकडा आता तीन वाटायला लागलाय.