मानशीचा लिलाव: बाहेरच्या ठेकेदाराला की गावातच?

गोव्यातल्या आमच्या खाजनात (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीत) बरीच शेतं पड आहेत, बांध दोन ठिकाणी खचलाय, आणि आता मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर मासे पकडायच्या हक्कासाठी, बाहेरचा ठेकेदार मोठी बोली लावायला तयार आहे म्हटल्यावर कुळ संघातल्या (शेत कसणाऱ्या कुळांच्या संस्थेतल्या) लोकांना मोह होणारच, पैसा कोणाला नकोय!

पण मानस म्हणजे फक्त मासे पकडायची जागा नाही ना. भरतीला खाडीचं पाणी आत ढकलू लागलं की फळ्या आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात नि आतलं पाणी बाहेर जातं, यावर भात टिकतं. ठेकेदाराला हवी कोळंबी, म्हणून तो फळ्या उघड्या बांधून खारं पाणी आत घेतो आणि वर्षभरात पैसे वसूल करून जातो, पण मातीत मुरलेलं मीठ धुवायला आम्हाला दोनतीन पावसाळे लागतात. तेव्हा तो कुठे असणार?

गावातल्याच रापणकारांना (पारंपरिक मच्छीमारांना) दिलं तर रक्कम कमी येईल, मान्य, आणि बांधाची चिखल-माती आपल्यालाच ओढावी लागेल. पण रात्री फळी उघडी दिसली तर सकाळी त्याच्या दारात जाऊन विचारता येतं.

बाहेरचा प्रत्येक माणूस वाईट असं मी म्हणतच नाही हां. जुने गोवेच्या आयसीएआर या कृषी संशोधन संस्थेवाल्यांनी कोरगुट या आपल्या खाजनातल्या जुन्या भातातूनच निवड करून खारं सोसणारं 'गोवा धान' दिलं, तेही बाहेरचेच, पण त्यांनी मानशीचा ताबा नाही मागितला.

माझं मत गावाला.