गुण बघायचे की अख्खा अर्ज?

कॉलेजात गुणांवर प्रवेश दिला की नियम सगळ्यांना एकच. पेपर तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही. पण ज्याला महागडी शिकवणी परवडते, तो आधीच दोन पावलं पुढे असतो.

गुणांसोबत निबंध, घरची परिस्थिती असा अख्खा अर्ज वाचायची पद्धत माणुसकीची वाटते. रोज संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळून, ती झोपल्यावर पुस्तक उघडणारी मुलगी इथे निदान दिसू शकते. मात्र तिच्या शेजारच्या अर्जातला निबंध सल्लागाराने पैसे घेऊन घासूनपुसून दिलेला असतो, हे मला फार खुपतं. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं, की परीक्षेचे गुण सारखे असूनही सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं अतिनामांकित विद्यापीठांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त होती. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप हे त्याचं एक मोठं कारण.

म्हणून माझा कौल गुणांना, पण घरची परिस्थिती शेजारी ठेवून वाचलेल्या. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाने २०२२ मध्ये एसएटी किंवा एसीटी ही प्रवेशपरीक्षा पुन्हा सक्तीची केली, तेव्हा कारण हेच दिलं: गुणांशिवाय साधनं नसलेली हुशार मुलं ओळखणं अवघड जातं.