एक्स्पोर्टला बसलं की पीसी बंद पडतो: जुनाच दुरुस्त करायचा, कामाची पद्धत बदलायची, का सरळ नवीन घ्यायचा?

परवा अंबाजोगाईहून भाच्याचा फोन. "मामा, एडिटिंग नीट चालतंय पण एक्स्पोर्ट लावलं की पीसी बंदच पडायलाय, लॅपटॉप घेऊ का नवीन?" एक्स्पोर्ट म्हणजे एडिट केलेल्या सगळ्याची एक पक्की व्हिडिओ फाइल काढणं. लग्नाचं काम, एचडीमधे तीन तासांचा व्हिडिओ, पार्टी रोज फोन करायली, अन् ह्याचा गडी अर्ध्यातच झोपायला. लग्नसराईत असले फोन मला लै येतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी काय इंजिनिअर नाही, परभणीत मोंढ्याजवळ स्टुडिओ आहे अन् ह्या कामात सगळ्या प्रकारचा मार खाऊन झालाय एवढंच.

पैसे कुठं घालायचे ते ठरवायच्या आधी पीसी *कसा* बंद पडतो ते बगा. एकदम अंधार होतो, निळी स्क्रीन येते, का पीसी चालूच राहतो अन् फक्त सॉफ्टवेअर बंद होतं? तिन्ही दुखणी वेगळी आहेत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधे (मशीनच्या घडामोडींची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ दिसलं की लोक लगेच म्हणतात एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेला, पण त्या ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, कशानं पडलं ते तिथं लिहिलेलं नसतं.

जुनाच दुरुस्त करायचा झाला तर

एकदम अंधार होत असेल तर नव्या मशीनचं नाव काढू नका, आधी हेच बगा. एडिटिंग करताना मशीनला मधेमधे दम मिळतो, एक्स्पोर्टला मात्र प्रोसेसर अन् ग्राफिक्स कार्ड दोघं तासभर जुंपलेले असतात, म्हणून जे कच्चं आहे ते तिथंच उघडं पडतं. आपल्याकडं वैशाखात खोलीतच ४० डिग्री, अन् पंखा आत ओढणार ती हीच हवा, म्हणजे जानेवारीत ८० वर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात ९५ ला टेकतो. एचडब्ल्यूमॉनिटर (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतं, ते चालू ठेवून एक्स्पोर्ट लावा अन् आकडा बगत बसा. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची हद्द १०० च्या आसपास असते, तिथं आला की तो आधी स्वतःच स्लो होतो, तरी गरमी आवरली नाही तरच बंद पडतो. माझ्या कॅबिनेटच्या हीटसिंकमधून तुरीचं भुसकट अन् कापसाची तूस निघाली होती, खोटं नाही सांगत. साफसफाई अन् नवीन थर्मल पेस्ट, काही शे रुपयांचं काम.

आकडा ७०-७५ वरच आहे अन् तरी फट्कन बंद, मग एसएमपीएसवर संशय घ्या. मला एका दुकानदारानं कॅबिनेटबरोबर फुकट म्हणून दिलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं होतं, पण ग्राफिक्स कार्डानं जोर लावला की तो मान टाकायचा. मित्राचा चांगल्या कंपनीचा आणून एक रात्र लावून बगा, विकत घेऊ नका लगेच.

निळी स्क्रीन येत असेल तर रॅम अन् ड्रायव्हर. मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा, एक जरी एरर आला तर एकेक रॅम काढून परत तपासा. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर गेम रेडी ड्रायव्हर काढून स्टुडिओ ड्रायव्हर टाका. अन् डेस्कटॉपमधे इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या जनरेशनचा प्रोसेसर असेल तर कान देऊन ऐका: ह्यातल्या ६५ वॅट अन् वरच्या प्रोसेसरमधे जास्त व्होल्टेज मागायचा दोष निघाला होता, इंटेलनं २०२४ मधे मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती दिली (०x१२९, नंतर ०x१२बी), ती बायोस (मदरबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटमधून येते. वॉरंटीही २ वर्षं वाढवली. आधीच खराब झालेला प्रोसेसर मात्र अपडेटनं बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

कामाची पद्धत बदलायची झाली तर

पीसी चालू राहून फक्त सॉफ्टवेअर बंद पडत असेल तर आधी इथं बगा. खर्च शून्य, पण इथं लै जणांचा एक घोळ होतो. टाइमलाइन (क्लिपा ओळीनं लावायची पट्टी) अडकते म्हणून प्रॉक्सी (मूळ क्लिपांच्या हलक्या नकला) बनवतात, एडिटिंग पाण्यासारखं चालतं, अन् एक्स्पोर्ट परत पडतं. अरे पडणारच ना, एक्स्पोर्टला सॉफ्टवेअर मूळचीच फाइल उचलतं. प्रॉक्सी हा एडिटिंगमधल्या हँगचा उपाय आहे, एक्स्पोर्टचा नाही.

एक्स्पोर्टसाठी बगायचं ते हे: दरवेळी त्याच टक्क्यावर थांबतंय का? तसं असेल तर मशीनला शिव्या देऊ नका, टाइमलाइनवर त्या जागी काहीतरी नासकं आहे. पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेली क्लिप असते, मोबाइल फ्रेम रेट कमीजास्त करत राहतो, ती हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटला करून घ्या. नाहीतर एखादा इफेक्ट. टाइमलाइन अर्धी-अर्धी करून एक्स्पोर्ट करा, चोर सापडतो. अन् फाइल बरोबर ४ जीबीला थांबत असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ आहे, त्याच्यात त्याहून मोठी फाइल मावतच नाही, एक्सफॅटला फॉरमॅट करा. सी ड्राइव्ह लाल झालेला असेल तर आधी मीडिया कॅशे (एडिटिंग सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) उडवा.

एन्कोडिंग म्हणजे शेवटची फाइल बनवणं, ते हार्डवेअरवर (ग्राफिक्स चिपवर) ठेवायचं का सॉफ्टवेअरवर? हार्डवेअर जोरात पळतं पण ग्राफिक्स ड्रायव्हरच्या भरवशावर, सॉफ्टवेअर रडतखडत चालतं अन् सगळा भार प्रोसेसरवर टाकतं. म्हणून ड्रायव्हरची भानगड असेल तर सॉफ्टवेअर लावा, पण गरमीची भानगड असेल तर सॉफ्टवेअरनं उलट लवकर बंद पडेल. सरसकट "सॉफ्टवेअरवर टाक" सांगणाऱ्याचं ऐकू नका.

माझी स्वतःची पद्धत अशी की आधी हळद, लग्न, वरात असे तुकडे डीएनएक्सएचआर ह्या जड पण एडिटिंगला सोप्या फॉरमॅटमधे काढायचे, मग जोडून शेवटी एच.२६४ (पार्टीला द्यायची लहान फाइल). जागा लै खातं, पण वरातीत पडलं तर हळद परत करावी लागत नाही.

सॉफ्टवेअरच बदलायचं असेल तर अ‍ॅडोबीच्या प्रीमिअरला भाडं भरत राहावं लागतं, दाविंची रिझॉल्व्हचं फुकटचं व्हर्जन ३८४०×२१६० पर्यंत एक्स्पोर्ट देतं अन् स्टुडिओ व्हर्जन एकदाच २९५ डॉलर. पण रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डाला जास्त पिळतं. कच्च्या एसएमपीएसवर रिझॉल्व्ह म्हणजे आगीतून फुफाट्यात.

नवीनच घ्यायचा झाला तर

८ जीबी रॅम असेल अन् वाढवायला जागा नसेल, तर घ्या बाबा. अ‍ॅडोबी स्वतःच एचडीला १६ अन् ४के ला ३२ जीबी सांगतं. किंवा कॅमेरा १०-बिट ४:२:२ वर (रंगाची जास्त माहिती असलेली जड फाइल) गेलाय अन् जुना प्रोसेसर ती फाइल उघडतानाच रडतोय, तेव्हाही घ्या. इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासून क्विक सिंक (प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा व्हिडिओ उघडायचा-बनवायचा भाग) तसली एचईव्हीसी (एच.२६५) फाइल सांभाळतं. पण दुकानात हजार-दोन हजार वाचवायला नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर माथी मारतात, १२४०० ऐवजी १२४००एफ, त्याच्यात आतलं ग्राफिक्सच नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. एडिटिंगवाल्यानं एफ घेऊ नये, हे मी पैसे घालून शिकलोय.

लॅपटॉपचं सुख एकच, लाइट गेली तरी एक्स्पोर्ट चालू राहतं, अन् आपल्याकडं ते काय छोटं सुख नाही. पण बॅटरीवर तो स्लो होतो, उन्हाळ्यात तापतो, अन् पातळ मॉडेलची रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. मॅकबुक एअरला तर पंखाच नाही, लांब एक्स्पोर्टला दम लागतो. २०२४ चा एम४ मॅक मिनी १६ जीबीपासून मिळतो, वीज कमी खातो, पण रॅम नंतर वाढत नाही अन् सुरुवातीची २५६ जीबी लग्नाच्या कामाला म्हणजे काहीच नाही. स्टुडिओत बसूनच काम असेल तर मी डेस्कटॉपच सांगेन, काही गेलं तर तेवढंच बदलता येतं.

भाच्याला मी एकच विचारलं, बंद पडतो तेव्हा मॉनिटरचा दिवा जळत असतो का? म्हणला तो पण विझतो. दोन्ही एकाच ६०० व्हीएच्या यूपीएसवर! असल्या यूपीएसची ताकद साधारण ३६० वॅट, त्यात बॅटरी तीन वर्षं जुनी, एक्स्पोर्टला कार्ड तापलं अन् लाइट जरा मिचकली की तो हात वर करणार. एक रात्र सरळ भिंतीतल्या बोर्डाला लावून बघ म्हणलो. सकाळी मेसेज, तीन तासांचा पूर्ण निघाला. आता मोठा यूपीएस घेतो म्हणतोय, अन् त्याच मेसेजच्या खाली दोन लॅपटॉपचे फोटो, "मामा, ह्यातला कोणता?"