दुचाकी की चौघांत एक कार?

खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला जायचं तर दुचाकी मोकळी: शाळेतून फोन आला की किक मारायची, निघायचं. पण आषाढातला खानापूरचा पाऊस रेनकोटला जुमानत नाही. चौघांत एक कार केली तर पेट्रोल वाटून जातं, अंग कोरडं राहतं. घोडं अडतं एकाच ठिकाणी. दुपारी पोराला ताप भरला आणि कारवाला सहाशिवाय सुटणार नसला तर?

अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरात यावर तोडगा आहे. गाडी वाटून जाणारे आधी नाव नोंदवतात. आजारपण, घरची अडचण किंवा अचानक ओव्हरटाइम आला की घरी जायच्या टॅक्सीचं भाडं योजना भरते, तेही वर्षातून ठरावीक वेळाच. इथल्या मालकांनी अडीनडीला एक रिक्षा कबूल केली तर माझं मत कारला. नाहीतर दुचाकीच बरी, भिजलो तरी चालेल.