गंगथडीची नदी स्क्रीनवर: 'गाया' काही महिने वापरल्यानंतर

पेरण्या चालू होत्या तेव्हा क्वाडस्पिनर कंपनीचं 'गाया' हे संगणकावर डोंगर-नद्यांचा भूभाग घडवायचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं, आता रानात हुरडा आलाय. मला करायची होती गोदावरी. आम्ही परभणीकडचे लोक तिला गंगाच म्हणतो. नाथसागर सोडल्यावर ती ज्या सपाट काळ्या रानातून नांदेडकडे जाते, ती नदी बघणाऱ्याने ओळखली पाहिजे, एवढा एकच हट्ट होता.

डोंगरातली नदी या सॉफ्टवेअरमध्ये फार सुंदर होते. अजिंठ्याच्या वाघूर नदीसारखी घळ मी आधी करून पाहिली. आपला दख्खनचा बेसॉल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय. टणक थर टिकतो, मऊ थर झिजतो, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे. सपाट पठार घ्यायचं, 'स्ट्रॅटिफाय'ने थर पाडायचे आणि मग 'इरोजन' म्हणजे झीज लावायची. हा क्रम उलटा केला की पायऱ्या रंगवल्यासारख्या दिसतात. त्यावर 'रिव्हर्स' नोड (एकेक काम करणारा ठोकळा) टाकला की पाणी आपली वाट आपणच शोधतं, ओढे येऊन मिळतात. बालाघाटातल्या मांजरा नदीच्या उगमाकडचा भागही असाच जमतो. इथं मी समाधानी आहे.

खरा कस लागतो तो गंगथडीत, म्हणजे गोदाकाठच्या सपाट मुलखात. पैठणपासून नांदेडपर्यंत गोदावरी दोनशे किलोमीटरहून जास्त वाहते आणि उतरते साधारण शंभर मीटर. झिजेचं कोणतंही गणित उतारावर चालतं. उतारच नसला तर जमिनीवरचा बारीकसा खडबडीतपणा पाण्याची दिशा ठरवतो आणि नदी कुठेही भरकटते. म्हणून सपाट मुलखातली नदी सॉफ्टवेअरला शोधायला लावू नये, आपण आखून द्यावी. मी क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्राचा मास्क, म्हणजे करड्या छटांनी उंची-खोली सांगणारं चित्र, काढतो आणि 'कंबाइन' नोडने जमिनीतून वजा करतो. वळणं काढताना एक प्रमाण फार उपयोगी पडतं: नदीच्या एका पूर्ण वळणाची लांबी पात्राच्या रुंदीच्या साधारण १० ते १४ पट असते. शंभर मीटर रुंद पात्राला दोनशे मीटरवर वळण दिलं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ते खोटं आहे हे कळतं.

मास्क ८ बिटचा नको. त्यात उंचीच्या २५६च पायऱ्या असतात. सहाशे मीटर उंचीच्या भूभागात एक पायरी दोन मीटरहून मोठी होते, आणि गोदावरीला तेवढं उतरायला पाच-सहा किलोमीटर लागतात. मग नदीत बंधारे घातल्यासारखे टप्पे दिसतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात, म्हणजे एक पायरी सेंटिमीटरभराचीही नाही. या एका गोष्टीने माझ्या नदीत जेवढा फरक पडला, तेवढा दुसऱ्या कशाने पडला नाही.

खऱ्या उंचीच्या नकाशावरून काम करायचं असेल तर फेब्रुवारी २००० मधल्या शटल मोहिमेचा एसआरटीएम डेटा मोफत मिळतो. त्याचा पिक्सेल साधारण ३० मीटरचा. त्यात गोदावरी सापडते, दुधनेसारख्या नद्या पुसट होतात, गावचा ओढा नाहीच. शिवाय रडार पाण्याखाली बघत नाही, त्यामुळे जिथं पाणी होतं तिथला तळ त्यात नसतो. डोह आपणच खणायचा, तोही वळणाच्या बाहेरच्या अंगाला, कारण धार तिथं काठ खाते. आतल्या अंगाला वाळू साचते. गायाच्या मोफत आवृत्तीत १०२४ पिक्सेलची मर्यादा आहे. तीस किलोमीटरचा तुकडा घेतलात तर पुन्हा तोच ३० मीटरचा पिक्सेल हाती येतो. मी पाच किलोमीटरचाच तुकडा घेतो.

काठाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण नदीचे तयार नमुने बहुतेक बाहेरच्या, गवताळ, हळूहळू उतरणाऱ्या काठांचे असतात. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि काठ शिळ्या भाकरीसारखा उभा मोडतो. त्यासाठी मास्कची कड मऊ करायची नाही. आधी उभी कड ठेवायची आणि तिच्या पायथ्याशीच ढासळलेल्या मातीचा थोडा उतार द्यायचा. 'थर्मल' इरोजन अगदी कमी जोराने लावलं की हे होतं. उंचीच्या नकाशात एका जागी एकच उंची मावते, त्यामुळे खालून पोखरलेला काठ त्यात येत नाही. तेवढा भाग मी नंतर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हाताने करतो.

पाणी सगळ्यात शेवटी. उन्हाळ्यात आमच्याकडे पात्रात वाळू, गोटे आणि डोहात उरलेलं हिरवट पाणी असतं. पात्र नीट झालं असेल तर पाणी न भरताही ती नदीच दिसली पाहिजे, आणि मी प्रत्येक नदी आता आधी कोरडीच रेंडर करून, म्हणजे तिचं पक्कं चित्र काढून, बघतो. पावसाळ्यासाठी ब्लेंडरमध्ये पाण्याला निळा रंग देऊ नका. आपला पूर गढूळ, मातकट असतो, त्यात तळ दिसत नाही. पाच किलोमीटरच्या तुकड्यात गोदावरीला पाणी म्हणून एक सपाट प्लेन (पत्र्यासारखा पृष्ठभाग) सरळ टाकलं तरी चालतं, कारण उतारच दोनेक मीटरचा. वाघूरला ते चालत नाही, तिथं 'रिव्हर्स' नोडने दिलेला पाण्याचा पृष्ठभागच वापरावा लागतो.

सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, हे आधी बघून घ्या. पैसे भरायची घाई करू नका. एक वळण, एक डोह आणि एक वाळूचं बेट मोफत आवृत्तीत मनासारखं होईपर्यंत १०२४ पिक्सेल पुरतात.