सागवानी डेकला तेल की पीयू?

उघड्यावर, पावसात भिजणाऱ्या सागवानी डेकसाठी आमची पसंती मुरणाऱ्या डेक ऑइललाच. पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन पॉलिश, देखणं दिसतं, पण ते लाकडावर पापुद्रा धरतं. पावसात फळी फुगते, उन्हात आकसते, पापुद्र्याला चीर पडून पाणी आत अडकतं. मग पोपडे सुटतात, लाकूड काळं पडतं. तिथे वरून हात मारून भागत नाही. कोऱ्या लाकडापर्यंत सगळं खरवडावं लागतं.

तेलाचे पोपडे निघत नाहीत, ते हळूहळू विरतं. ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा. फार गुळगुळीत केलं तर तेल मुरत नाही. पातळ हात द्या आणि १५-२० मिनिटांनी वर उरलेलं तेल पुसून काढाच, नाहीतर थर चिकट राहतो. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोनदा द्या, पाणी तिथूनच जास्त शिरतं. रंगद्रव्य असलेलं तेल घ्या. बिनरंगी तेल ऊन फारसं अडवत नाही, साग करडा पडतो. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा.

छपराखाली, ऊनपाऊस लागत नसेल तिथे पीयू चालेल. साग तेलकट असतो, म्हणून आधी थिनरने पुसून घ्या.