टॉवेलचे वजन आणि सिंगापूरचा लवाद : एका वकिली सेवेविषयी

अक्कलकोट रस्त्यावरील आमच्या कारखान्यातून युरोपात गेलेल्या तीन कंटेनर टेरी टॉवेलचे पैसे खरेदीदाराने अडवून धरले आणि त्यातून आम्हाला प्रथमच आंतरराष्ट्रीय लवादाचे, म्हणजे न्यायालयाऐवजी पंचांपुढे वाद सोडवण्याचे, काम करणाऱ्या वकिलाची गरज पडली. दावा सुमारे एक कोटी साठ लाख रुपयांचा होता. नोटीस गेल्यापासून निवाडा हाती येईपर्यंत अकरा महिने लागले. या काळात मुंबईतील ज्या वकील मॅडमनी आमचे काम पाहिले, त्यांच्या सेवेविषयी हे लिहीत आहे, कारण सोलापुरात निर्यात करणारे कारखानदार बरेच असूनही या प्रकारच्या वकिलाने नेमके काय करायचे असते याची कल्पना आम्हाला नव्हती, आणि ओळखीच्या चार-पाच कारखानदारांनाही ती नसल्याचे चौकशीत दिसले. लवादाचे कामकाज गोपनीय ठेवण्याचे बंधन दोन्ही पक्षांवर असते, म्हणून मॅडमचे, त्यांच्या कार्यालयाचे आणि खरेदीदाराचे नाव येथे दिलेले नाही. जे लिहिले आहे ते त्यांना दाखवून लिहिले आहे.

सुरुवातीला आमची समजूत अशी होती की दावा सोलापूरच्या न्यायालयात चालेल. आमच्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर, म्हणजे माल पाठवण्याआधी देतो त्या बिलावर, इथल्या प्रत्येक बिलावर असतो तसा, ‘सर्व वाद सोलापूर न्यायालयाच्या कक्षेत’ असा शिक्का होता. परंतु खरेदीदाराच्या परचेस ऑर्डरच्या मागील पानावर बारीक अक्षरांत सिंगापूर आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राचे कलम होते, वादाला इंग्लंडचा कायदा लागू राहील असेही लिहिले होते, आणि त्या ऑर्डरच्या प्रतीवर सही-शिक्का करून ती आम्हीच परत पाठवली होती. मॅडमनी पहिल्या भेटीत मालाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. ‘शेवटचा कागद कोणाचा?’ एवढेच त्यांनी विचारले आणि मेलच्या तारखा लावून स्वतःच उत्तर दिले. शेवटचा कागद खरेदीदाराचा होता आणि त्यावर आमची सही होती. त्यामुळे सोलापूरचा शिक्का टिकणार नव्हता.

हे आमच्या दृष्टीने वाईट झाले असे आम्हाला वाटले, पण त्यांनी ते उलटे समजावून सांगितले. सोलापूरचा हुकूमनामा घेऊन त्या देशात वसुलीला गेलो असतो, तर तेथे तो सरळ चालला नसता. लवादाच्या निवाड्याची गोष्ट वेगळी आहे. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आज १७० हून अधिक देश आहेत, भारताने तो १९६० मध्ये कायम केला, आणि या करारामुळे एका देशात दिलेला निवाडा दुसऱ्या देशाच्या न्यायालयात दाखवून त्याची दरखास्त, म्हणजे वसुलीची कारवाई, लावता येते. तेथील न्यायालय वाद पुन्हा उकरत नाही. नोटीस मिळाली नाही, बाजू मांडू दिली नाही, पंचांनी अधिकाराबाहेर जाऊन निर्णय दिला, अशा मोजक्याच कारणांवर निवाडा नाकारता येतो. आपल्या १९९६ च्या लवाद कायद्यात हीच कारणे कलम ४८ मध्ये आहेत, म्हणजे उद्या निवाडा आमच्याविरुद्ध गेला असता तर आमच्या कारखान्यावरही तो तसाच आला असता. हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितले.

वकील निवडताना आम्ही तीन ठिकाणी भेटलो. आमचे सोलापुरातील जुने वकील, ज्यांनी वडिलांच्या काळापासून आमची सगळी कामे पाहिली, त्यांनी कागद वाचून ‘हे माझ्या हातचे काम नाही, वेळ घालवू नका’ असे स्पष्ट सांगितले, त्याबद्दल त्यांचे ऋण मानतो. सिंगापूरच्या लवादासाठी सिंगापूरचाच वकील हवा का, हा आमचा पुढचा प्रश्न होता. तसे नसते. लवादात बाजू मांडायला त्या देशाची सनद लागेलच असे नाही, आणि सिंगापुरात परदेशी वकिलांना ती मोकळीक आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात, परदेशी वकील आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादासाठी भारतात येऊ शकतात असे म्हटले आहे, मात्र त्यांनी येथे नियमित वकिली करावी याला परवानगी दिलेली नाही.

या क्षेत्रात माणूस कसा तयार होतो, हे मॅडमकडून ऐकताना त्यांच्यावरचा विश्वास वाढत गेला. विद्यार्थिदशेत व्हिएन्ना येथे भरणाऱ्या विस मूट स्पर्धेत त्या उतरल्या होत्या. जगभरातील कायद्याचे विद्यार्थी तेथे एकाच काल्पनिक मालविक्रीच्या वादावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करतात, म्हणजे आज विक्रेत्याचे वकील आणि उद्या खरेदीदाराचे. त्यानंतर परदेशात एलएल.एम., मग चार वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली केवळ घटनाक्रम लावणे, कागदांचे गठ्ठे क्रमांक घालून तयार करणे आणि साक्षीदारांच्या निवेदनांचे मसुदे करणे. दरम्यान लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सच्या परीक्षा दिल्या. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत सहयोगी, सदस्य आणि फेलो अशा पायऱ्या असतात. काही काळ त्या एका ज्येष्ठ पंचांच्या सचिव होत्या, आणि पंच कागद कसे वाचतात, कुठे कंटाळतात, कुठे पान मागे उलटतात, हे तेथे समजले असे त्या म्हणाल्या. भारतातून या क्षेत्रात फली नरिमन यांच्यासारखे लोक व्यापारी लवादाच्या जागतिक परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंत गेले, परंतु त्यांच्या पिढीची वाट न्यायालयातील मोठ्या वकिलीतून लवादाकडे जाणारी होती. आता मुले-मुली पहिल्या वर्षापासून फक्त लवादच करायचा असे ठरवून येतात. दयानंद विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाचीने हे ऐकून त्यांना दहा प्रश्न विचारले आणि त्यांनी प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिले. या कामाला इंग्रजी लागते, पण त्याहून जास्त लागते ती न समजलेली गोष्ट न लाजता विचारण्याची सवय, असे त्यांनी तिला सांगितले.

त्या सवयीचा प्रत्यय मे महिन्यात आला. खरेदीदाराचे मुख्य म्हणणे असे होते की ४५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा) माल ठरला असताना त्यांच्या तपासणीत तो ४३१ भरला, आणि करारात वर-खाली फक्त तीन टक्क्यांची सूट होती. आम्ही तपासणीचे आमचे अहवाल मॅडमना पाठवले होते आणि तेवढे पुरेल असे धरले होते. त्या मात्र वंदे भारतने रात्री सोलापूरला उतरल्या आणि सकाळी आठ वाजता कारखान्याच्या दारात हजर होत्या. जीएसएम कसे मोजतात ते प्रत्यक्ष करून दाखवा, असे त्यांनी आमच्या तपासणी विभागातील अण्णांना सांगितले. अण्णांनी गोल कटर टॉवेलवर दाबून फिरवला, शंभर चौरस सेंटीमीटरची चकती काढली आणि काट्यावर ठेवली. ग्रॅमला शंभरने गुणले की जीएसएम निघते. काट्यावर आकडा आला ४.३६. मी घाबरलो, कारण तो आकडा आमच्या विरुद्ध जाणारा होता. मॅडमनी शांतपणे विचारले, ‘अण्णा, हाच टॉवेल श्रावणात किती भरेल?’ अण्णा म्हणाले, ‘पाऊस लागला की टॉवेल अंग धरतो, मॅडम. आत्ता उन्हात सुकलाय.’

इथल्या प्रत्येक जॉबरला, म्हणजे माग सांभाळणाऱ्या कारागिराला, माहीत असलेली ही गोष्ट आमच्यापैकी कोणीही वकिलाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असेच कोणाला वाटले नव्हते. कापूस हवेतला ओलावा घेतो. व्यापारात शंभर किलो पूर्ण सुक्या कापसामागे साडेआठ किलो ओलावा धरतात, आणि म्हणूनच कापडाची चाचणी २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत नमुना मुरवून करायची असते. तीच चकती आमच्या चाचणीच्या खोलीत, ठरलेल्या हवेत, रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ४.५१ भरली. मॅडमनी वहीत एक ओळ लिहिली, अण्णांनी दिलेला चहा घेतला आणि पुढच्या कागदाकडे वळल्या.

सुनावणी ऑनलाइन झाली. आमच्याकडे दुपारचा दीड, सिंगापुरात संध्याकाळचे चार आणि खरेदीदाराकडे सकाळचे नऊ. खरेदीदाराच्या गुणवत्ता व्यवस्थापकाची उलटतपासणी वीस मिनिटांची होती. नमुने कोणत्या महिन्यात तपासले? जानेवारीत. खोलीत हीटर चालू होता का? हो, हिवाळ्यात असतोच. अहवालात खोलीच्या आर्द्रतेची नोंद कुठे आहे? ती नव्हती. एवढे झाल्यावर मॅडमनी ‘म्हणजे तुमची चाचणी चुकीची होती ना?’ असा प्रश्न विचारला नाही, त्या थांबल्या. मला राहवत नव्हते. तो प्रश्न विचारला असता तर साक्षीदाराला सावरायला जागा मिळाली असती, हे नंतर कळले. पुढचे प्रश्न पंचांनी स्वतःच विचारले, आणि सील करून ठेवलेले नमुने त्रयस्थ प्रयोगशाळेत मुरवून तपासण्याचा आदेश दिला. ते ४४७ भरले.

अण्णांच्या निवेदनाविषयीही लिहिले पाहिजे. कार्यालयातील कनिष्ठ वकिलाने ते प्रथम अस्खलित कायदेशीर इंग्रजीत लिहून पाठवले होते. मॅडमनी ते बाजूला ठेवले आणि अण्णा जसे बोलतात तसे मराठीत लिहून घेऊन त्याचे प्रमाणित भाषांतर जोडले, कारण साक्षीदाराच्या तोंडी न शोभणारे वाक्य उलटतपासणीत प्रथम गळून पडते. साक्षीदाराला कामकाज कसे चालते ते समजावता येते, उत्तरे पढवता येत नाहीत, ही रेषा त्यांनी आम्हा सर्वांना पहिल्याच दिवशी आखून दिली होती.

आमच्या मते त्यांच्या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग मात्र आम्हाला न आवडलेला होता. तिसऱ्या कंटेनरमधील नेव्ही रंगाची शेड मंजूर लॅब डिपशी (रंगाच्या नमुन्याशी) जुळत नव्हती. आम्हाला ते ठाऊक होते आणि तो विषय निघू नये अशी आमची इच्छा होती. मॅडमनी डाईंगची बॅच कार्डे मागवली, दोन लॉट वेगळे असल्याचे पाहिले आणि सांगितले की समोरचा पक्ष हे कागद मागणारच. लवादात कोणता कागद हवा, का हवा, त्यावर हरकत काय आणि पंचांचा निर्णय काय, असा चार रकान्यांचा तक्ता फिरतो. मागितलेला कागद समाधानकारक कारण न देता दडवला, तर तो आपल्या विरुद्धच होता असे पंच धरू शकतात. त्यांच्या सल्ल्यावरून आम्ही त्या मालाच्या किमतीत तीस टक्के घट आपणहून मान्य केली. घरात यावर दोन दिवस वाद झाला. पण निवाडा वाचताना दिसले की आमच्या बाकीच्या म्हणण्यावर पंचांनी विश्वास ठेवला त्याचे एक कारण हीच कबुली होती. उरलेल्या मालाबाबत प्रश्न सोपा होता. खरेदीदाराने तो दुकानांत लावून विकायला काढला होता, आणि तसे केल्यावर माल नाकारता येत नाही, हे इंग्लंडच्या १९७९ च्या मालविक्री कायद्यात आहे तसेच आपल्या १९३० च्या कायद्यातही आहे.

आता तक्रारी. काम मध्यावर असताना कनिष्ठ वकील नोकरी बदलून गेले आणि नवीन आलेल्यांना सगळे प्रकरण पुन्हा समजावण्यात तीन आठवडे गेले. त्याचा खर्च आमच्या बिलात वेगळा धरलेला पाहून मी फोन केला तेव्हा तो वजा केला, परंतु तो मुळातच धरायला नको होता. मेल लांबलचक इंग्रजीत येत. मुंबईच्या कार्यालयात मराठी बोलणारे चार जण असताना, महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळी अर्धे पान मराठीत लिहून पाठवणे अवघड नव्हते. माझ्या आईची या व्यवसायात निम्मी भागी आहे आणि तिला प्रत्येक मेल मी वाचून दाखवत होतो.

शुल्क आम्ही तासावर न ठेवता टप्प्यांवर ठरवून घेतले : नोटीस, निवेदने, सुनावणी. इतरांनाही हेच सुचवीन. एका ठिकाणी आम्हाला ‘जिंकलात तर टक्केवारी द्या’ असा प्रस्ताव आला होता, परंतु निकालावर अवलंबून फी ठरवायला भारतीय वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, तेव्हा असे बोलणाऱ्यांपासून दूर राहावे. केंद्राची आणि पंचांची फी धरून एकूण खर्च दाव्याच्या जवळपास चौथ्या हिश्शाइतका झाला, त्यातील बराचसा निवाड्यात परत मिळाला. तरीही हा पैसा आधी खिशातून घालावा लागतो, हे लक्षात घेऊनच पाऊल टाकावे. आम्ही त्या वेळच्या नियमांनुसार जलद पद्धत घेतली, ज्यात सामान्यतः एकच पंच असतात आणि त्यांची नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो. १ जानेवारी २०२५ पासून सिंगापूर केंद्राने दहा लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी याहून सुटसुटीत पद्धत आणली आहे, तीन महिन्यांत निवाडा आणि पंचांच्या फीची कमाल मर्यादा निम्मी. सोलापूरचे बहुतेक दावे या रकमेच्या आतले असतात. मात्र त्या पद्धतीत सहसा साक्षी-उलटतपासणी होत नाही, आणि आमचे प्रकरण उभे राहिले ते उलटतपासणीवर, म्हणून कोणती पद्धत घ्यावी हे वकिलाशी बसूनच ठरवावे.

निवाड्याची रक्कम खरेदीदाराने सात आठवड्यांत भरली, दरखास्तीची वेळ आली नाही. त्यानंतर एका दिवसाच्या फीमध्ये मॅडमनी आमचे सगळे छापील कागद तपासून दिले. प्रोफॉर्मावरचा सोलापूर न्यायालयाचा शिक्का आता परदेशी ऑर्डरला आम्ही मारत नाही, त्या जागी लवादाचे कलम छापले आहे. जीएसएमच्या रकान्याखाली एक ओळ वाढवली आहे : चाचणी २० अंश तापमान व ६५ टक्के आर्द्रतेत नमुना मुरवून करावी. ती अण्णांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती मराठीत लिहून तपासणी विभागाच्या भिंतीवरही लावली.